बाकावरची जागा
(प्रस्तावना)

कुष्ठरोग झालेल्या मुलाला रोगमुक्त करणे आज अवघड राहिलेले नाही. गोळ्यांची पाकिटे प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. अंगावर पाचपर्यंत चट्टे असतील तर सहा महिने, त्याहून जास्त असतील तर बारा महिने ती घ्यायची. महिन्याचा पहिला डोस आरोग्य सेवकासमोर, बाकीचे घरी. एवढे नेमाने झाले की जंतू मरतात आणि मूल बरे होते. अवघड आहे ते वेगळेच. त्या सहा-बारा महिन्यांत मुलाचा हात, पाय आणि डोळा शाबूत राहिला पाहिजे आणि वर्गातल्या बाकावरची त्याची जागाही. यातले गोळ्यांचे काम दवाखाना करतो. उरलेले काम घर, शाळा आणि गल्ली यांच्यावर पडते, आणि ते कसे करायचे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. म्हणून ही पुस्तिका. ती डॉक्टरांसाठी लिहिलेली नाही. प्राथमिक शाळेतले गुरुजी आणि बाई, अंगणवाडी सेविका, आशाताई आणि आईबाप हे तिचे वाचक आहेत.

पुस्तिका कोल्हापूर परिसर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहे. यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: “आमच्याकडं आता कुठं राहिलाय तो रोग?” प्रश्न अगदीच बिनबुडाचा नाही. महाराष्ट्रात कुष्ठरोगाचा जोर चंद्रपूर, गडचिरोली, पालघर, नंदुरबार अशा जिल्ह्यांत आहे. पंचगंगेच्या खोऱ्यात तो पूर्वीपासून तुलनेने कमी. पण रोग दुर्मिळ झाला की तो ओळखणारे डोळेही दुर्मिळ होतात. डिसेंबर २००५ मध्ये देशातले रुग्णांचे प्रमाण दर दहा हजारांमागे एकाच्या खाली आले आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे जाहीर झाले. घोषणा देशाच्या सरासरीची होती; लोकांनी तिचा अर्थ रोग संपला असा घेतला. प्रत्यक्षात २०२३ साली जगात १,८२,८१५ नवे रुग्ण नोंदले गेले. त्यांतले निम्म्याहून जास्त भारतातले होते. जगभरातल्या या नव्या रुग्णांत १०,३२२ लहान मुले होती.

मुलांचा हा आकडा वेगळा मोजतात, त्याला कारण आहे. कुष्ठरोगाचा जंतू अतिशय सावकाश वाढतो. शरीरात शिरल्यापासून पहिली खूण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीसही. साठीच्या माणसाला आज चट्टा दिसला तर लागण कधी आणि कुठे झाली ते सांगता येत नाही. आठ वर्षांच्या मुलाला चट्टा दिसला तर लागण त्या आठ वर्षांतलीच, आणि बहुधा घरातल्या किंवा शेजारच्या, निदान न झालेल्या एखाद्या मोठ्या माणसाकडून. म्हणून मुलाचे निदान झाले की काम तिथे थांबत नाही. त्याच्या आजोबांचा, काकूचा, शेजारच्या घराचा तपास तिथून सुरू होतो. बऱ्याचदा मूल हे घरातले पहिले रोगी नसते. सापडलेले पहिले असते.

या शहराला कुष्ठरोग नवा नाही. शाहू छत्रपतींच्या काळात संस्थानाने कुष्ठरोग्यांसाठी ‘व्हिक्टोरिया लेपर असायलम’ काढले. पुढे शेंडा पार्कचे कुष्ठरोग रुग्णालय आणि त्यालगतची वसाहत हा कोल्हापूरकरांच्या ओळखीचा, तरी पाय न ठेवण्याचा भाग बनला. वस्तीपासून लांब, माळावर, भरपूर जमीन असलेली जागा म्हणून ती निवडलेली होती. शहर वाढत गेले आणि तिला येऊन भिडले. आज त्याच शेंडा पार्कात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभे आहे, आणि उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर खंडपीठासाठीही तिथलीच जागा पुढे आली. ज्या मातीकडे लोक पाठ फिरवत होते तिचा भाव आता गुंठ्यावर बोलला जातो. जमिनीला चिकटलेला डाग किती लवकर धुऊन निघतो! तिथे वाढलेल्या मुलाने शाळेच्या अर्जावर घरचा पत्ता लिहिला की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते मात्र इतक्या लवकर जात नाही.

रोग्याला वेगळे ठेवण्याची ही रीत कोल्हापूरची एकट्याची नव्हती. नॉर्वेतल्या बर्गनला आर्मोअर हॅन्सन यांनी १८७३ साली हा जंतू शोधला. रोग शापाने किंवा आनुवंशिकतेने होत नाही, जंतूने होतो, हे त्यातून पुढे यायला हवे होते. पण औषध नव्हते, त्यामुळे जंतू सापडल्याचा पहिला परिणाम असा झाला की अलग ठेवण्याला शास्त्राचा आधार मिळाला. १८९८ च्या ‘लेपर्स ॲक्ट’ने निराधार कुष्ठरोग्याला पकडून आश्रमात डांबण्याचा अधिकार सरकारला दिला. हा कायदा पुस्तकातून पूर्णपणे निघाला तो २०१६ साली. मुंबईत माटुंग्याला १८९० मध्ये बेघर रुग्णांसाठी आश्रम निघाला, तेच पुढे वडाळ्याचे ॲक्वर्थ रुग्णालय. रत्नागिरी, मिरज, बेळगावजवळचे हिंडलगे अशी कोल्हापूरच्या चारी अंगांना ठाणी झाली. मिशनच्या आश्रमांनी एक पाऊल पुढे टाकले: रुग्णांची निरोगी मुले आईबापांपासून तोडून वेगळ्या वसतिगृहांत ठेवली. हेतू मुलांना वाचवण्याचा होता, आणि औषध नसलेल्या काळात दुसरा उपायही दिसत नव्हता. पण आईपासून तोडलेल्या मुलाला जे समजायचे ते समजतच असणार: माझी आई म्हणजे धोका.

महाराष्ट्राने या रीतीला छेद देणारी माणसेही पाहिली. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केले. सेवाग्रामला परचुरे शास्त्री रोग घेऊन आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतः त्यांची शुश्रूषा केली. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन उभे केले. वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर बाबा आमटे आणि साधनाताई यांनी सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपयांवर आनंदवनाची सुरुवात केली. आनंदवनाची शेती, उद्योग, वाद्यवृंद यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. या पुस्तिकेच्या दृष्टीने त्यातली एक गोष्ट महत्त्वाची: तिथे पुढे महाविद्यालय निघाले आणि आसपासच्या गावांतली निरोगी मुले शिकायला आनंदवनात येऊ लागली. रुग्णांच्या हातून पिकलेला भाजीपाला घ्यायला जे गाव बिचकत होते, त्याच गावाने आपली पोरे तिथे पाठवली. रुग्णाला समाजात नेण्याऐवजी समाजच रुग्णाच्या दारात आणून बसवण्याची ही उलटी चाल होती, आणि ती मुलांच्या शिक्षणातून साधली.

तरीही आनंदवन ही मोठ्यांसाठी, घराने टाकून दिलेल्यांसाठी उभी राहिलेली जागा होती. आज नव्याने सापडणाऱ्या मुलाला आनंदवनाची गरज पडू नये. त्याचे घर आहे, शाळा आहे, मित्र आहेत. बहुविध औषधोपचार, म्हणजे रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमीन ही औषधे एकत्र देण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली सुचवली आणि अलग ठेवण्याचे उरलेसुरले वैद्यकीय कारणही संपले. पहिल्या काही डोसांतच रुग्णाकडून दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता जवळजवळ नाहीशी होते. शिवाय बहुतेक माणसांच्या अंगी या जंतूला परतवण्याची शक्ती उपजतच असते. एका बाकावर बसण्याने, एका डब्यातला घास खाण्याने, एका नळाचे पाणी पिण्याने उपचार चालू असलेल्या मुलाचा रोग दुसऱ्याला होत नाही. या मुलाला एक दिवसही घरी बसवण्याचे वैद्यकीय कारण नाही. हे वाक्य पुस्तिकेत पुन्हा पुन्हा येईल.

आता ओळखण्याविषयी. चट्टा फिकट किंवा तांबूस असतो. त्यावर खाज नसते, दुखत नाही, घाम येत नाही आणि स्पर्श कळत नाही. न दुखणाऱ्या गोष्टीकडे घरात कोणी बघत नाही. चेहऱ्यावर दिसला तर ‘पोटात जंत झालेत’, पाठीवर दिसला तर ‘नायटा आहे’ म्हणून मलम, आणि फारच फिकट असला तर कोड समजून आईच्या पोटात गोळा. कोड आणि कुष्ठरोग यांचा काडीचा संबंध नाही. कोडात कातडी दुधासारखी पांढरी होते आणि स्पर्श पूर्ण शाबूत असतो. खरी कसोटी बधिरतेची, आणि नेमकी तीच लहान मुलात अवघड. पाच-सहा वर्षांच्या पोराला ‘कळतंय का?’ विचारले की ते आईच्या तोंडाकडे बघून ‘हो’ म्हणते. म्हणून अनुभवी कुष्ठरोग तंत्रज्ञ त्याचा खेळ करतात. डोळे मिटायचे, कापसाचा बोळा जिथे लागेल तिथे बोट ठेवायचे. चांगल्या कातडीवर बोट अचूक पडते, चट्ट्यावर ते जागचे हलत नाही. ही तपासणी आरोग्य कर्मचाऱ्याचीच आहे, शिक्षकाने ती वर्गात करू नये. शिक्षकाने फक्त चट्टा पाहिला तर आईला बाजूला घेऊन सांगावे आणि आरोग्य केंद्रात पाठवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा त्याच्यासमोर असे मूल नक्की उभे राहील हे पाहावे.

चट्टा हा रोगाचा दिसणारा भाग. नुकसान होते ते नसांचे. जंतूला शरीराची थंड ठिकाणे मानवतात, म्हणून कातडीजवळून जाणाऱ्या नसा त्याच्या तावडीत सापडतात. कोपराच्या आतल्या बाजूची नस सुजली की करंगळी आणि तिच्याजवळचे बोट बधिर होते आणि हळूहळू आत वळते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस गेली की पाऊल वर उचलत नाही, पुढचा भाग फरफटतो. घोट्याजवळची नस गेली की तळवा बधिर होतो. चेहऱ्याची नस गेली तर डोळा पुरता मिटत नाही. बोटे झडतात ही सर्वांत जुनी आणि सर्वांत चुकीची समजूत. जंतू बोट खात नाही. बधिर बोटाला भाजते, चिरते, ठेचते, आणि दुखत नसल्यामुळे जखम तशीच राहते, पिकते, हाडापर्यंत जाते. आपण ज्याला कुष्ठरोगाची विकृती म्हणतो तिच्यातला मोठा भाग अशा दुर्लक्षित जखमांचा असतो, आणि म्हणूनच तो टाळता येतो.

नस वाचवण्याला मुदत असते. ती दुखायला लागल्यापासून किंवा शक्ती कमी झाल्यापासून साधारण सहा महिन्यांच्या आत प्रेडनिसोलोनसारखे औषध सुरू झाले तर गेलेली शक्ती बहुधा परत येते. उशीर झाला की आशा मावळत जाते. या मुदतीतल्या खुणा कोणाला दिसतात? डॉक्टर मुलाला महिन्यातून एकदा पाहतो. शिक्षक त्याला रोज पाहतो, आणि हातात पेन्सिल असताना पाहतो. गेल्या महिन्यापर्यंत वळणदार असणारे अक्षर पसरट होऊ लागले, पेन बोटांतून निसटू लागले, शर्टाची गुंडी शेजारच्याकडून लावून घ्यावी लागली, फळा पुसताना करंगळी वाकडी दिसली, चालताना पायातली चप्पल सुटून मागे राहिली तरी मुलाला पत्ता नाही: या खुणा तपासणीच्या टेबलावर उशिरा कळतात, वर्गात लवकर. अक्षर बिघडले म्हणून छडी किंवा टोमणा देण्याआधी शिक्षकाने त्या हाताकडे एकदा नीट पाहावे, एवढे एक या पुस्तिकेने साधले तरी ती छापल्याचे चीज होईल.

चपलेचा विषय निघाला म्हणून कोल्हापूरची एक अडचण सांगायला हवी. ज्या चपलेने या गावाचे नाव जगभर नेले आणि जिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती बधिर पायाला चालत नाही. कडक चामड्याचा तळ, अंगठ्याची घट्ट पकड आणि मागे पट्टा नाही. बधिर पाऊल तिला धरून ठेवण्यासाठी नकळत बोटे आवळते आणि अंगठ्यापाशी, टाचेपाशी व्रण होतात. बधिर पायाला आतून मऊ, बाहेरून टणक आणि मागे पट्टा असलेले पादत्राण लागते. त्यासाठी सूक्ष्मछिद्री रबराची, म्हणजे एमसीआरची चप्पल कुष्ठरोग विभागातर्फे मिळते. पण तिचा आकार आणि रंग वर्षानुवर्षे एकच, त्यामुळे ती पायात घातली की गावाला रोगाचे नाव कळते. पोरे ती शाळेच्या फाटकाबाहेर काढून दप्तरात टाकतात आणि अनवाणी वर्गात येतात. पायाचे रक्षण आणि लाज यांतले एक निवडायला लावले तर दहा वर्षांचे मूल काय निवडणार हे उघड आहे. सुभाष रोडपासून कागलपर्यंत चपला बनवणाऱ्या हातांची या जिल्ह्यात कमतरता नाही. मऊ अस्तर, मागे पट्टा आणि बाकी चारचौघांसारखा आकार ही मागणी त्यांच्यापर्यंत कोणीतरी न्यायला हवी.

दुसरी अडचण उसाच्या हंगामाची. दिवाळीच्या सुमारास बीड-अहिल्यानगरकडून टोळ्या येतात, कारखान्याच्या तळावर खोप्या पडतात आणि वसंत ऋतू आला की परत जातात. बारा महिन्यांचा औषधोपचार आणि पाच महिन्यांचा मुक्काम यांचा मेळ बसत नाही. एखाद्या मुलाचे निदान इथे होते, तर उरलेली पाकिटे तिकडच्या आरोग्य केंद्रातून घ्यायची असतात. कधी उलटे होते. उपचाराचे कार्ड बरोबर गेले नाही की गोळ्या थांबतात, आणि गाव बदलल्यावर ‘याला काय झालं होतं’ हे सांगायची आईला इच्छा नसते. याच फडात अनवाणी पायांखाली उसाचे बुडखे असतात, तीन दगडांच्या चुलीवर तवा असतो, आणि तो तवा उतरवणारी नऊ-दहा वर्षांची पोर असते. बधिर हात आणि हे काम यांची गाठ कशी पडते, ते वेगळे सांगायला नको. साखरशाळा किंवा हंगामी वसतिगृह चालवणाऱ्यांनी मुलाच्या दाखल्याबरोबर औषधाच्या कार्डाचीही चौकशी करावी, अशी सूचना तिसऱ्या प्रकरणात केलेली आहे.

कलंकाविषयी लिहिताना समाजाला दोष देण्याचा मोह होतो. त्याने हाती काही लागत नाही. कलंक कुठून आत शिरतो त्या फटी दाखवणे जास्त उपयोगाचे. एक फट औषधातच आहे. क्लोफाझिमीनने कातडी काळपट-तांबूस होते. उपचार संपल्यावर काही महिन्यांत रंग पूर्ववत होतो, पण तोवर ‘हिला काय झालं?’ हे सगळी आळी विचारते. रिफाम्पिसिनने लघवी लाल होते आणि मूल घाबरून गोळ्या मोरीत टाकते. आधी सांगितले तर दोन्ही गोष्टी सोसता येतात. दुसरी फट शाळेच्या हजेरीत आहे. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला मूल गैरहजर राहते आणि शिक्षक सगळ्या वर्गासमोर कारण विचारतात. तिसरी फट भल्या माणसांच्या चांगुलपणात आहे. ‘त्याला कोणी काही बोलायचं नाही हं’ असे वर्गाला बजावले की ज्यांना माहीत नव्हते त्यांनाही कळते. मुलाच्या आजाराचे नाव वर्गाला सांगण्याचा अधिकार शिक्षकाला नाही, मुख्याध्यापकांना नाही, आरोग्य सेवकालाही नाही. तो मुलाचा आणि त्याच्या पालकांचा आहे.

चौथी फट फोटोची. कुष्ठरोगावरचे पत्रक म्हटले की झडलेली बोटे आणि करुण डोळ्यांचे मूल हे चित्र ठरलेले. देणगीसाठी ते उपयोगी पडत असेल. पण ज्या आईने ते भिंतीवर पाहिले आहे ती आपल्या पोराच्या पाठीवरचा निरुपद्रवी दिसणारा चट्टा घेऊन दवाखान्यात येत नाही, कारण तिच्या मनात चट्टा आणि ती बोटे यांची सांगड बसलेली असते. भीती दाखवून लोक लवकर तपासणीला येतील हा हिशेब इथे साफ उलटा पडतो. या पुस्तिकेत एकाही मुलाचा चेहरा नाही. हातांची आणि चट्ट्यांची चित्रे रेखाटनांत आहेत आणि त्यातले बहुतेक हात चांगले आहेत, कारण वेळेवर उपचार झालेला हात तसाच दिसतो.

या मुलांचा आणखी एक गट आहे, ज्यांना रोग झालेलाच नाही. त्यांची आजी किंवा वडील कधीकाळी कुष्ठरोगी होते आणि ते वसाहतीत राहतात, एवढाच त्यांचा संबंध. देशात अशा शेकडो वसाहती आहेत. तिथली दुसरी-तिसरी पिढी पूर्ण निरोगी आहे, तरी शाळेत टोपणनाव, नोकरीत पत्त्याची चौकशी आणि लग्नाच्या बोलणीत अचानक थंड पडलेला आवाज हे त्यांच्या वाट्याला येते. कायद्याने इथे बराच उशीर लावला. नवराबायकोपैकी एकाला कुष्ठरोग असणे हे २०१९ पर्यंत घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यांत नोंदलेले होते. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ते काढले. आजार बरा होतो हे ठाऊक असूनही त्याला इतकी वर्षे कायद्यात जागा होती, मग शाळेतल्या पोरांनी चिडवले याचे नवल काय? विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५६ व्या अहवालात भेदभाव करणाऱ्या तरतुदी हटवण्याची आणि बाधित व्यक्तींसाठी स्वतंत्र कायद्याची शिफारस केली. तो वेगळा कायदा अजून आलेला नाही.

अपंगत्वाच्या बाबतीत मात्र हातात धरण्यासारखे बरेच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार मान्य झाले आणि त्यांत कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या, पण बधिरता किंवा विकृती उरलेल्या व्यक्तींचा समावेश आहे. चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला वयाच्या सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत, किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मागता येतो. वळलेली बोटे सरळ करण्याची, लोंबणारे पाऊल उचलते करण्याची स्नायुबंधांची शस्त्रक्रिया वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाअखेर विकसित केली. आपल्या भागात त्यासाठी मिरजेचे रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालय पूर्वीपासून ओळखीचे आहे. अशा शस्त्रक्रियेआधी औषधोपचार पूर्ण झालेला असावा लागतो, आणि शस्त्रक्रियेनंतरचे व्यायाम समजून करण्याइतके मूल मोठे असावे लागते. तोवर सांधे मोकळे ठेवण्याचे काम घरचे: हात कोमट पाण्यात भिजवणे, तेल लावून बोटे सरळ करणे, रोज संध्याकाळी तळवे उजेडात पाहणे. हे व्यायाम पाचव्या प्रकरणात चित्रांसह आहेत. पाणी कोमट आहे की नाही, हे मात्र शाबूत कातडीच्या माणसाने आधी पाहायचे. बधिर हाताला चटका कळत नाही.

अपंगत्वाकडे कसे पाहायचे याचा धडा कोल्हापूरला बाहेरून घ्यावा लागत नाही. नसीमा हुरजुक यांनी चाकाच्या खुर्चीवरून १९८४ मध्ये इथे ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ सुरू केली आणि उचगावला ‘घरौंदा’ हे अपंग मुलांचे वसतिगृह उभे केले. त्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन पुष्कळांनी वाचलेले असेल. त्यांच्या कामाचा रोख कुष्ठरोगावर नव्हता. पण उतार, रुंद दारे, हाताला पोचणारे नळ अशा साध्या गोष्टी आधी केल्या तर मुलाला दयेची गरज उरत नाही, हे त्यांनी या शहराला करून दाखवले. कुष्ठरोगातून उठलेल्या मुलासाठी अशी यादी फार लहान आहे: जाड मुठीचे पेन, लाकडी दांड्याची भांडी, मागे पट्टा असलेली चप्पल, सावलीतली जागा, आणि तळव्याला व्रण असेल तेव्हा कवायतीतून सुट्टी. व्रण नसेल तर त्याला गल्लीतल्या फुटबॉलमधून बाहेर काढू नये. बूट घालून खेळू द्यावे आणि खेळून आल्यावर पाय तपासावेत. कोल्हापुरात पोराला फुटबॉलपासून तोडणे हीदेखील एक शिक्षाच आहे.

पुस्तिकेची रचना सरळ आहे. पहिली दोन प्रकरणे ओळख आणि औषध यांची. तिसरे स्थलांतरित कुटुंबांचे, चौथे शाळेचे, पाचवे हातापायांच्या निगेचे, सहावे कायदा आणि दाखल्यांचे. घाई असेल त्यांनी चौथे आधी वाचावे. भाषा शक्य तितकी बोलीजवळची ठेवली आहे, कारण ती आशाताईंनी ओसरीवर बसून वाचून दाखवायची आहे. काही ठिकाणी मजकूर पुन्हा आला आहे, तोही जाणूनबुजून: एकच पान फाडून नेणाऱ्यालाही त्यात पुरेसे मिळावे.

एक अपेक्षा मात्र स्पष्ट लिहून ठेवतो. दर वर्षी ३० जानेवारीला, गांधीजींच्या पुण्यतिथीला, शाळांतून आणि ग्रामसभांतून कुष्ठरोगाविषयी प्रतिज्ञा म्हटली जाते. ती चांगलीच गोष्ट आहे. पण वर्गात असे मूल असेल तर त्या दिवशी त्याच्याकडे कोणाची नजर वळू नये. ३१ जानेवारीला ते हजर असावे, कालच्याच बाकावर, कालच्याच मित्राशेजारी. जूनमध्ये शाळा पुन्हा भरेल तेव्हाही त्याचे नाव पटावर असावे. प्रतिज्ञेचे काम झाले की नाही, ते त्या हजेरीपटावरून ठरेल.